तीन महिन्यांचा कंडक्टर

अण्णांची एका सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं नोकरी झाली. त्या नोकरीबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. बोलतात ते त्याआधीच्या तीन महिन्यांबद्दल. १९७३ च्या लग्नसराईत ते कऱ्हाड डेपोत रोजंदारीवर कंडक्टर होते. बारसं असो, मयत असो की सोसायटीची सभा, अण्णांनी घसा खाकरला की समजून जायचं: "आम्ही एसटीत असताना…"

अशी माणसं घरोघरी असतात. कुणाचे मामा एकदा खानेसुमारीला घरं मोजून आलेले असतात, कुणाची आत्या कुणाच्या तरी रजेच्या जागेवर एक सहामाही शाळेत शिकवून आलेली असते. पुढचं सगळं आयुष्य त्या शिदोरीवर चालतं. आमच्या काकू म्हणतात, "मुद्दल तीन महिन्यांचं, आणि व्याज मी पन्नास वर्षं भरतेय."

लग्नात अक्षता पडल्या की बुफेच्या दाराशी झुंबड उडते. अण्णा लगेच बाह्या सावरतात. "पुढे सरका, पुढे सरका! मागचं टेबल मोकळं आहे!" लोक सरकतात. वधूपक्षाला वाटतं हे केटररचे, केटररला वाटतं हे वधूपक्षाचे. मग ताट घेऊन आमच्याशेजारी बसताना तत्त्वज्ञान: "माणूस दारातच उभा राहतो बघ. आत जागा असते, पण आत जायचं म्हणजे उतरताना त्रास. जगात निम्मी गर्दी ह्यानंच होते."

नोटा त्यांच्या पाकिटात कधी नसतात. उभ्या दुमडून डाव्या हाताच्या बोटांत, दहाची वेगळी, वीसची वेगळी. सोसायटीच्या वर्गणीचे सात रुपये परत द्यायचे राहिले तर पावतीच्या पाठीवर "७ बाकी" असं लिहून सही करतात आणि संध्याकाळी जिना चढून आणून देतात. "पाच हजार बुडवणाऱ्याला लोक घाबरून असतात. दोन रुपये ठेवणाऱ्याला जन्मभर शिव्या घालतात. पॅसेंजर उतरायच्या आत हाक मारून द्यावेत." हे सांगताना त्यांच्या डोळ्यांपुढे पाटणला घाईघाईने उतरून गेलेली कुणीतरी म्हातारी असते. तिचे आठ आणे त्यांच्याकडेच राहिले. ते त्यांनी अजून खर्च केलेले नाहीत, असं काकू सांगतात.

अर्ध्या तिकिटाचा धडा तर आमच्या पोरांनाही पाठ आहे. पाच वर्षांखालच्याला तिकीट नाही. आई म्हणते, "पाचवं लागायचंय अजून." मांडीवरचं पोरगं ठणकावतं, "मी दुसरीत आहे!" सगळी गाडी हसली आणि अण्णांनी नियमाप्रमाणे अर्धं तिकीट फाडलं. मग खिडकीतून पाहिलं, तर खाली उतरल्यावर त्या पोराला धपाटे. तेव्हापासून अण्णांचा नियम: वय आईला विचारावं, पोराला विचारू नये. "खरं बोलणाऱ्याला आपल्यामुळे मार बसता कामा नये."

कोयना खोऱ्यातल्या मुक्कामी गाडीचा विषय निघाला की मात्र आवाज उतरतो. रात्री गाडी गावात पोचायची, ड्रायव्हर टपावर झोपायचा, हे आत बाकावर. कुणाच्या तरी घरून नाचणीची भाकरी आणि कालवण यायचं. कुणाच्या, ते विचारायचं राहिलं. आज दारात आलेला कुरियरवाला, गॅसवाला, मीटर बघणारा, अण्णांकडून पाणी प्यायल्याशिवाय सुटत नाही. परवा एकाला बळंच पोहे खायला बसवलं. त्याच्या बाकीच्या पार्सलांचं काय झालं देव जाणे.

१ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी निघाली, म्हणून दर १ जूनला अण्णा पेढे वाटतात. लग्नाचा वाढदिवस त्यांना काकूंनी आठवून द्यावा लागतो. बोलणं संपवायचं असलं की ते टेबलावर दोनदा टकटक करतात. डबल बेल, चला. आणि ते स्वतः थांबत नसले, तर काकू स्वयंपाकघरातून ओट्यावर एकदाच पळी आपटतात. एक बेल म्हणजे काय, हे अण्णांना सांगावं लागत नाही.

पंच्याहत्तरी उलटल्यापासून त्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे. तरी आधी आधारकार्ड पुढे करून शून्य रुपयांचं तिकीट मागून घेतात. मशीनमधून सुळकन आलेला तो कागद उलटा करून पाहतात. मागे काही बाकी लिहिलेली नसते, ह्याचंच त्यांना वाईट वाटत असावं.

एकदा मी धीर करून विचारलं, "अण्णा, तीन महिन्यांत एवढं शिकलात, मग कचेरीतल्या तेहतीस वर्षांत काय शिकलात?"

अण्णांनी बराच वेळ विचार केला. म्हणाले, "तिथं पुष्कळ वेळ होता रे. म्हणून राहून गेलं."