मुक्काम पोस्ट 8085

निजामाबादच्या मामांनी आणलेल्या खोक्यावर ‘कॉम्प्युटर’ असं छापलेलं होतं म्हणून बाबांनी ते घरात येऊ दिलं. नुसता व्हिडिओ गेम असता तर मामांसकट परत गेला असता. बाहेरून कीबोर्ड, वर कॅसेट खोचायला खाच आणि टीव्हीला जोडायची वायर. आत 1975 सालच्या 6502 प्रोसेसरचा चुलतभाऊ आणि अवघी 2 केबी मेमरी. कॅसेटमध्ये मारिओ होता, बदकं मारायची होती आणि यादीच्या पार तळाशी, कुणाचं लक्ष जाऊ नये अशा जागी, बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा होती.

बिलोलीत तेव्हा लोडशेडिंग एसटीपेक्षा वेळेवर यायचं. लाईट गेली की टाईप केलेला प्रोग्रामही गेला. साठवायची सोयच नव्हती. मग प्रोग्राम वहीत लिहायचा, मनातल्या मनात चालवायचा, चुका तिथंच काढायच्या आणि लाईट आली की उतरवायचा.

“टीव्ही तर बंद हाय. काय लिहायलास रे?” आजी विचारायची.

“गेम बनवायलोय.”

तिनं माझी दृष्ट काढली.

अशाच 12 डॉलरच्या टीव्ही-कॉम्प्युटरवर शिकायचे खेळ चालवावेत, असं 2008च्या सुमारास डेरेक लोमास या अमेरिकन माणसाच्या डोक्यात आलं आणि ‘प्लेपॉवर’ प्रकल्प सुरू झाला. तिकडं त्याचं कौतुक झालं. आमच्याकडं त्याला ‘डबडं’ म्हणत.

पुढं पॉलिटेक्निकला 8085 प्रोसेसरचं किट भेटलं. इथं तर टीव्हीही नव्हता. लाल आकड्यांची सहा घरं, चार पत्त्याला, दोन मजकुराला. 3E 05 06 03 80 76 एवढं दाबलं की पाच आणि तीन मिळून आठ होतात. हे आठ बघताना मला जो आनंद झाला तो दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. (निकाल तसाच होता, ते सोडा.)

उत्तर 9050 या पत्त्यावर ठेवायचं तर 32, म्हणजे ‘ठेव’ या हुकमानंतर, आधी 50 आणि मग 90 दाबावं लागे. शहरातली पोरं इथं हमखास अडखळायची. त्यांच्या पत्त्यात मुक्काम पोस्ट कुठलं! आम्ही जन्मापासून मु. पो. कुंडलवाडी, ता. बिलोली, जि. नांदेड असं लिहीत आलेलो. धाकटं आधी, थोरलं मागून. 1976 साली इंटेलनं हा प्रोसेसर काढताना तालुक्याच्या माणसाचा विचार केला होता, हे माझं मत कुणी खोडून दाखवावं.

परवा पुतण्यानं रास्पबेरी पाय पिको मागवला. 2021 साली निघालेला, किंमत 4 डॉलर, मेमरी 264 केबी. म्हणजे आमच्या डबड्याच्या 132 पट, आणि पत्ता अजूनही धाकट्यापासूनच. मागवायच्या फॉर्ममध्ये मात्र आधी राज्य, मग जिल्हा, मग तालुका. गावाला शेवटी चिमूटभर जागा. पार्सल नांदेडला येऊन थांबलं. कुरिअरवाल्याचा फोन आला, तेव्हा पुतण्यानं तहसीलची मागची गल्ली, पिंपळ, निळं गेट, सगळं सांगितलं.

“मग आधी हेच लिहायचं की,” तो म्हणाला.