घोरपड, ढग आणि पिठलं

पुण्यातल्या घराला डोंगराची हुक्की आली, की डोंगर कोणता हा प्रश्नच नसतो. सिंहगड! उंची तेराशे मीटरच्या वर. पण गाडी पार पुणे दरवाज्याच्या जवळ जाते, त्यामुळे आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळेच गिर्यारोहक.

पायथ्याशी आमच्या घराची फाळणी होते. आत्या, आजी आणि डबे जीपने. मामा, मुलं आणि मी आतकरवाडीतून पायी. पायी चढणाऱ्याला गडावर दिवसभर इतरांना हिणवायचा परवाना मिळतो, एरवी एवढी छाती कोण फोडून घेईल? मात्र हा तोरा पहिल्या वळणापर्यंतच टिकतो. तिथे सत्तरीचे एक आजोबा चढून, उतरून, घरी चहाला निघालेले भेटतात. घामाशी त्यांचं काही घेणंदेणं नसतं. "रोजच येतो," एवढंच म्हणतात आणि मामांकडे अशा करुणेनं बघतात, की मामा लगेच बुटाची नाडी बांधायला बसतात. नाडी सुटलेली नसते.

वर पोचल्यावर मामांना कंठ फुटतो. 1670 सालची काळोखी रात्र, तानाजी मालुसरे, कडा, दोर बांधून वर सोडलेली घोरपड... बऱ्याच इतिहासकारांनी घोरपडीला केव्हाच गडाखाली उतरवलंय, हेही मामा प्रामाणिकपणे सांगतात. मुलं तेवढंच ऐकत नाहीत. "पण मामा, घोरपडीचं पुढे काय झालं?"

मग कल्याण दरवाज्यापाशी दृश्यदर्शन. पावसाळा असल्यामुळे समोर पांढरं ठार. तरी मामा बोट रोखतात, "तो राजगड. त्याच्या उजवीकडे तोरणा." आत्या म्हणते, "तोरणा मघाशी डावीकडे होता." शेजारचं एक अनोळखी कुटुंबही या वादात उतरतं आणि त्याच ढगात पुरंदर दाखवतं. मामांना ते अजिबात पटत नाही.

तंटा मिटवते ती चुलीपुढची मावशी. "पिठलं-भाकरी किती?" या एका प्रश्नात राजगड, तोरणा, पुरंदर सगळे सर होतात. कांदाभजी, ठेचा, मडक्यातलं दही. आजी भाकरी मोडत म्हणते, "एवढ्यासाठी चढून कशाला यायचं रे? जीप आहे की."

उतरताना जीपमध्ये जागेसाठी सगळ्यात आधी धावले ते मामा.