दोघांत तिसरी मावशी

‘फक्त आपण दोघं’ असं म्हणत सुरू झालेला बेत ‘पण मावशीला कळलं तर?’ या प्रश्नापाशी अडतो आणि मग तडजोडीने सुटतो : सहलही करू, मावशीकडेही जाऊ. पुण्यातल्या जोडप्याला यासाठी कोल्हापूर अगदी सोयीचं. अंतर सुमारे २३० किलोमीटर, अंबाबाईचं दर्शन, रंकाळ्यावरची संध्याकाळ, पन्हाळ्याची हवा आणि पेठेत बायकोची मावशी. एका दगडात दोन पक्षी. जाणकार मात्र सांगतात, की या दगडाने दोन्ही पक्षी उडून जातात. केंद्र सरकारचंही तेच मत असावं. कर्मचाऱ्यांच्या रजा प्रवास सवलतीत ४ वर्षांच्या गटात ‘स्वग्राम’ आणि ‘भारतात कुठेही’ असे दोन वेगळे कप्पे आहेत. माणसं भेटतील तो एक आणि पाहायला काही मिळेल तो दुसरा, अशी ती सोय दिसते. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. जोडप्याने जिथे मावशी आहे त्याच गावाला जावं. कारण एकांत नावाची वस्तू हॉटेलात मिळत नाही, ती नातेवाईक पुरवतात.

आधी विरोधी पक्षाचा जमाखर्च मांडू, कारण तो भक्कम आहे. शुक्रवारी संध्याकाळी सहा ते रविवारी संध्याकाळी सहा म्हणजे ४८ तास. जाण्यायेण्यात, रस्त्याची कामं आणि चहा धरून, ११ गेले. झोप १४. जेवणं, नाश्ते आणि ‘एक घोट घ्याच’ या सदराखालचा चहा मिळून ९. देवीची रांग २. ‘आलाच आहात तर नुसतं डोकावून या’ म्हणून ज्या घरांत डोकावायचं, तिथे पोह्यांची बशी संपेपर्यंत डोकं बाहेर काढता येत नाही; ते ५. चपला, गूळ आणि चटणीची खरेदी ३. लग्नाचे अल्बम बघणं, त्यातले कोण वारले ते समजून घेणं, ३. बेरीज ४७. उरलेला १ तास अंघोळीच्या नंबरात जातो. कोणी म्हणेल, प्रवासात तरी दोघंच असतात. नसतात, गाडीत रस्ता सांगणारी एक बाई दोघांच्या प्रत्येक वाक्यात तोंड घालत असते. घरी पोचल्यावर तर विचारूच नका. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानात कुठेही बसलं तरी मधला आखाडा दिसतो म्हणतात. मावशीच्या सोप्याची रचनाही तशीच असते, फक्त आखाड्यात आपण असतो.

हा हिशेब मला मान्य आहे. चूक त्यातल्या मोजमापात आहे. एकांत तासांत मोजायची वस्तूच नाही. हॉटेलच्या खोलीत जोडप्याला सलग ४० तास मिळतात, तेव्हा तासाभरात एक जण फोन बघू लागतो आणि दुसरा गरम पाणी का येत नाही हे विचारायला खाली जातो. आता मावशीचं घर बघा. रविवारी सकाळी मिसळीचा कट उकळतोय. कोल्हापुरी मिसळीबरोबर पाव नव्हे, ब्रेडचे स्लाइस लागतात, आणि ते संपल्याचं मावशीच्या आत्ता लक्षात येतं. ‘जावईबापू, तेवढा कोपऱ्यावरनं ब्रेड आणताय?’ जावईबापू अर्ध्या चपलेत असतानाच आतून आवाज येतो, ‘थांब, मीपण येते.’ पुण्यात ‘ब्रेड कोण आणणार’ यावरून ज्यांची रविवार सकाळ नासते, तेच दोघं इथे ब्रेडसाठी शर्यत लावतात. बेकरी तीन मिनिटांवर. त्यांना वीस लागतात. पहिली बेकरी चांगली नाही असं एकमताने ठरवून ते दुसरीकडे जातात. लग्नानंतर इतक्या झटकन एकमत झाल्याची उदाहरणं थोडी. तीच गोष्ट जेवणाची. पांढऱ्या रश्श्याची चौथी वाटी समोर आल्यावर नवरा तोंडाने ‘बास’ म्हणतो आणि डोळ्यांनी बायकोला ‘वाचव’ म्हणतो. ती न बघितल्यासारखं करून ‘वाढ गं मावशी, त्यांना आवडतो’ म्हणते. टेबलाखालून एक पाय दुसऱ्या पायाला शोधत येतो, तो रागाने का होईना. हॉटेलात जेवताना कोणाचा पाय कोणाला शोधतो?

दुसरा पुरावा व्याकरणातला आहे. माणूस नवं काही बघायला प्रवासाला निघतो. हॉटेलात बरोबर आलेलं माणूस मात्र घरचंच असतं. मावशीच्या उंबऱ्यावर ते बदलतं. पुण्यात ‘मी येते, मी जाते’ म्हणणारी बायको कोल्हापूरच्या हवेत तासाभरात ‘मी आलो, मी जातो’ असं बोलू लागते, कारण तिथल्या मुली तसंच बोलतात. तिला भलत्याच नावाने हाक मारली जाते आणि ती ओ देते. ती झाडावरून पडली होती, गणितात नापास झाली होती, ही गोपनीय कागदपत्रं ताटाशेजारी उघडली जातात. नवऱ्याला एक अनोळखी मुलगी भेटते, जी त्याच्याआधीपासून होती. नव्या राजवाड्यातलं संग्रहालय बघितलं नाही तरी चालेल, हे दालन चुकवू नये.

आता आक्षेप. हॉटेलात उतरून मावशीकडे नुसतं जेवायला जावं, हा मधला मार्ग सुचवणाऱ्याने ‘आमचं घर काय पडलंय व्हय?’ हा प्रश्न ऐकलेला नसतो. न सांगताच जाऊन यावं, तर रंकाळ्यावर भेळ खाताना मावशीच्या शेजारणीने बघितलंच म्हणून समजा. ‘गोड बातमी कधी?’ या प्रश्नाचं समर्थन मीही करणार नाही. एवढंच, की त्या वेळी दोघं एकाच पक्षात असतात. खरा वजनदार आक्षेप वेगळा आहे. मावशीच्या जागी नवऱ्याची आत्या असली, तर बायकोच्या हाती अल्बमऐवजी लाटणं येतं आणि माझा सिद्धान्त कोसळतो. तो कोसळू द्यावा. जिथे दोघांपैकी एक पाहुणा आणि दुसरा आचारी होतो, ती सहल नव्हे, बदली आहे. शिवाय मावशीच्या रविवारचं काय, असंही विचारता येईल. तिचा रविवार आपण खातो, हे खरंच आहे. त्याची भरपाई म्हणून ओटा पुसून द्यावा, आणि डॉक्टरांनी बंद केलेला रस्सा काकांना आपल्या निमित्ताने मिळाला, हे मावशीला सांगू नये.

शेवटचा पुरावा अंबाबाईच्या देवळातला. वर्षातून दोनदा, जानेवारीच्या अखेरीस आणि नोव्हेंबरमध्ये, तिथे किरणोत्सव होतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात आणि पहिल्या दिवशी मूर्तीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेच्या वर, तिसऱ्या दिवशी मुखावर येतात. वाटेत इमारती आहेत, धूळ आहे, ऐन वेळचा ढग आहे. सगळं जमलं तर सोहळा काही मिनिटांचा. त्यासाठी माणसं ताटकळत उभी राहतात. माळरानावर तोच सूर्य दिवसभर फुकट तळपतो, तिथे कोणी हात जोडायला जात नाही. म्हणून पुढच्या खेपेला कोल्हापूरला जाताना खोली बघत बसू नका. मावशीच्या घरात ब्रेड शिल्लक नाही, एवढी फक्त खात्री करून घ्या.