मंगळवार, अकरा ते बारा : कला

शाळेतला चित्रकलेचा तास हा गणिताच्या सरांच्या मालकीचा असतो, हे आमच्या पिढीला पाठ होतं. सहामाही जवळ आली की पोर्शन पुरा करायला सर खडू घेऊन हजर! सुनेने मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलं, तेव्हा वाटलं, हा अन्याय तरी आता संपेल. घरात गणिताचे सर येणार कुठून?

ते आले. आईच्याच रूपाने. फ्रिजवरच्या वेळापत्रकात ‘मंगळवार, अकरा ते बारा : कला’ असं हिरव्या स्केचपेनने ठसठशीत लिहिलंय. पावणेअकराला अपूर्णांकांचं उदाहरण अडतं, सव्वाअकराला सुटतं, साडेअकराला कुकर लावायचा असतो. आणि डायनिंग टेबल हीच शाळा असल्यामुळे बाराच्या आत ते पानं घ्यायला रिकामं लागतं. मधल्या पंधरा मिनिटांत जलरंग बसवायचे.

जलरंगांना वेळापत्रक कळत नाही. कागद भिजवून आकाशाचा वॉश दिला, की तो वाळेपर्यंत डोंगराला हात लावायचा नाही, नाहीतर आकाश डोंगरावर ओघळतं. पुण्याच्या जुलैत पंखा लावला तर कागद उडतो, बंद केला तर आधी पोळ्या होतात, मग आकाश वाळतं. शिवाय मांडामांड आहेच. कॅमलच्या पोस्टर कलरच्या बाटलीचं झाकण घट्ट बसलेलं, ते गरम पाण्यात धरून फिरवायचं. मग पॅलेट, जुन्या सुती साडीचं फडकं आणि ब्रश बुचकळायचा स्टीलचा पेला. तो पेला आजोबांच्या चहाजवळ ठेवू नये, असा घरात लेखी नियम आहे. नियम का करावा लागला ते विचारू नका.

होमस्कूलिंग करणाऱ्या आयांची शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लिश शिक्षिकेवर फार श्रद्धा. तिचं एक मात्र मलाही पटलं. एका सत्रात एकच चित्रकार आणि त्याची सहाएक चित्रं घ्यायची. चित्र निवांत बघायचं, मग पालथं घालायचं आणि काय दिसलं ते सांगायचं. रंग नको, पाणी नको, पुसापुशी नको. आमच्याकडे सध्या रविवर्मा चालू आहेत. ‘हंस-दमयंती’ पालथी घातल्यावर नातवाला लाल साडी आठवली. नात म्हणाली, “आजोबा, हंस तिला काहीतरी सांगतोय, पण तिला ते आधीच माहितीये.” तोंडात वरणभाताचा घास होता, तरी स्पष्ट म्हणाली.

नातेवाइकांना मात्र बघण्यात रस नाही. “चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसवणार ना?” तिच्या पुढच्या इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळू लागले, तेव्हापासून कलेविषयी सगळ्यांनाच जिव्हाळा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी करताना चित्रकला हा विषयच घेता येतो, म्हटलं की गप्प होतात.

त्या एलिमेंटरीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन असं सगळं असतं. घरी सर्वांत चांगलं जमतं ते वस्तुचित्र. टू-बी पेन्सिल आणि ओट्यावरची वांगी, झालं! वांगी चिरायला जायच्या आत काढून संपवावी लागतात, म्हणून हातही भरभर चालतो. एकदा तांब्या ठेवला होता. नातवाने तोंड गरगरीत गोल काढलं. समोरून बघताना ते चपटं का दिसतं, हे मी त्याला दाखवत होतो, तोवर आई लंबवर्तुळाची व्याख्या सांगायला सरसावली. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि कला वाचली.

आता मंगळवारचा तास खोडलाय. बघणं जेवताना, पेन्सिल स्वयंपाकघरात आणि रंगकाम शनिवारी दुपारी गॅलरीत, पुढे काहीच नसताना. संध्याकाळ झाली तरी कोणी उठत नाही. अपूर्णांक तिकडे फिरकत नाहीत.

अडचण आहे ती कागदाची. दोन मुलं एका दुपारी जेवढा कागद संपवतात, तेवढा विकत आणणं परवडत नाही. कालनिर्णय चालत नाही, त्याची पाठ आधीच भरलेली असते. पण तुमच्याकडे एखाद्या बँकेची किंवा कंपनीची जाड, पाठकोरी कॅलेंडरं पडून असतील, तर रद्दीवाल्याला देण्याआधी शेजारीपाजारी एखादं रंगवणारं पोर आहे का, तेवढं विचारा.