सोवळ्यातल्या अध्यक्षांस

श्री. जियानी इन्फँटिनो,
अध्यक्ष, फिफा,
मुक्काम झुरिक (हल्ली बहुधा विमानात)

स. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, तुमचं सोवळं. फुटबॉलला राजकारणाचा आणि धर्माचा विटाळ होऊ नये म्हणून तुम्ही जो जीव टाकता, तो पाहून आमच्या आजीची आठवण येते. तीही सोवळं नेसली की चार हात लांबून चालायची. फरक एवढाच की आजीचा नियम घरात सगळ्यांना सारखा होता.

21 नोव्हेंबर 2022 ची संध्याकाळ. आमच्याकडे साडेसहा वाजलेले, कतारमध्ये इंग्लंड विरुद्ध इराण. इंग्लंडचा कर्णधार हॅरी केन मैदानात उतरला आणि आम्ही त्याचा चेहरा सोडून डावा दंड न्याहाळत बसलो. तिथे भेदभावाविरुद्धची ‘वनलव्ह’ पट्टी असणार होती. हृदयाच्या आकारात रंगीत पट्टे, मधे एकचा आकडा, बस्स. युरोपातले सात संघ ती बांधणार होते आणि दंड भरायलाही तयार होते. पण पैशांवर भागलं असतं तर तुमच्या सोवळ्याला काय किंमत राहिली असती? तुमच्याकडून निरोप गेला की पट्टी बांधाल तर पिवळं कार्ड मिळेल. म्हणजे चेंडूला पाय लागण्याआधीच कर्णधाराच्या नावावर गुन्हा, आणि पुढे एक टॅकल चुकला की गडी बाहेर. सातही संघांनी मुकाट्याने पट्ट्या बॅगेत ठेवल्या. केनच्या दंडावर तुमची मान्यताप्राप्त पट्टी आली, ‘भेदभाव नको’ असं लिहिलेली. त्या दिवशी एवढा विनोद दुसऱ्या कुणी केला नाही.

गंमत म्हणजे त्याच सामन्यात इराणचे अकरा जण राष्ट्रगीताला ओठ मिटून उभे राहिले. महसा अमिनी ही तरुणी पोलिसांच्या ताब्यात मेल्यानंतर त्यांच्या देशात निदर्शनांचं काय चाललं होतं ते सगळ्या जगाला माहीत होतं. पण मिटलेल्या ओठांसाठी तुमच्या नियमावलीत कलमच नाही! दोन दिवसांनी पट्टीबंदीच्या निषेधार्थ जर्मनीच्या खेळाडूंनी संघाच्या फोटोत तोंडावर हात धरले आणि मग जपानकडून 2-1 हरले. लोकांनी भरपूर टोमणे मारले. त्याच सामन्याला जर्मनीच्या गृहमंत्री नॅन्सी फेझर ती पट्टी दंडाला बांधून तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना पिवळं कार्ड दाखवायला तुमचा हात खिशात गेला नाही. खुर्ची महाग असली की विटाळ होत नसावा.

गवतावरच्यांसाठी आणि स्वस्त बाकांवरच्यांसाठी मात्र तुमचं दरपत्रक चोख आहे. 2018 मध्ये सर्बियाविरुद्ध गोल केल्यावर स्वित्झर्लंडच्या झाका आणि शाकिरी यांनी हातांचा, अल्बानियाच्या झेंड्यावरचा दुतोंडी गरुड केला, प्रत्येकी 10,000 स्विस फ्रँक. कतारमध्ये सर्बियाच्या ड्रेसिंग रूममध्ये कोसोव्हो पोटात घेतलेल्या नकाशाचा झेंडा टांगला होता, 20,000. फॉकलंड बेटं आमची असा फलक अर्जेंटिनाने 2014 मध्ये धरला, 30,000. आणि युद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ इंग्लंडने 2016 मध्ये दंडाला पॉपीचं फूल लावलं, त्याचे 45,000. गरुडापेक्षा नकाशा महाग आणि नकाशापेक्षा फूल महाग! वर, पुढच्याच वर्षी तुम्ही नियम सैल केला आणि फूल चालू लागलं. म्हणजे भाव उतरला.

धर्माचं तर काय सांगावं. 2009 चा कॉन्फेडरेशन्स कप जिंकल्यावर ब्राझीलचे खेळाडू मैदानात रिंगण करून प्रार्थनेला बसले, तेव्हा तुमच्या संस्थेने समज देऊन भागवलं. 2011 मध्ये अम्मानला इराणच्या मुली ऑलिंपिक पात्रता सामन्यासाठी रांगेत येऊन उभ्या राहिल्या, डोकी झाकलेली. त्यांना खेळूच दिलं नाही. कारण काय, तर गळा आवळला जाण्याचा धोका. मुली मैदानावरच रडल्या. आता हे तुमच्या आधीच्या अध्यक्षांच्या काळातलं, तुमच्या माथी मारत नाही. पण 2014 मध्ये तोच रुमाल नियमात बसला, आणि 2023 च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेन्झिना हिजाब घालून बचावफळीत खेळली. मोरोक्कोने दक्षिण कोरियाला 1-0 हरवलं. कुणाचाही गळा आवळला गेला नाही. अम्मानच्या मुलींचा सामना मात्र कुणी परत दिला नाही.

आमचाही एक हिशेब आहे. 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या रात्री तुम्ही भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलंत. कारण दिलंत ‘त्रयस्थांचा अवाजवी हस्तक्षेप’. त्रयस्थ म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेली प्रशासक समिती. त्याआधी बारा-तेरा वर्षं त्याच महासंघाच्या खुर्चीत आमच्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल होते. त्यातली काही वर्षं ते केंद्रात मंत्रीही होते आणि 2019 पासून तुमच्याच कौन्सिलवर. ते त्रयस्थ नव्हते, घरचेच होते. राजकारणी खुर्चीत असला तर फुटबॉल शुद्ध, मुदत संपल्यावर कोर्टाने त्याला उठवलं की बाटला. अकरा दिवसांनी निलंबन उठलं म्हणून ऑक्टोबरात मुलींचा 17 वर्षांखालचा विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत होऊ शकला. नाहीतर या भांडणात त्या पोरींचा स्वतःच्या अंगणातला विश्वचषक गेला असता.

आता तुमच्याकडे वळतो. 2019 मध्ये क्रेमलिनमध्ये पुतिन यांच्या हस्ते ‘ऑर्डर ऑफ फ्रेंडशिप’ स्वीकारलंत. ते छातीवर लावलं होतं, दंडावर नव्हे, त्यामुळे नियमात बसत असावं. कतारच्या स्पर्धेच्या तोंडावर पत्रकारांपुढे सांगितलंत की आज मला मी कतारी वाटतो, अरब वाटतो, आफ्रिकन, समलिंगी, अपंग, स्थलांतरित मजूर वाटतो. लहानपणी तांबडे केस आणि वांग यांवरून चिडवत, म्हणून ही सहवेदना. फार हलून गेलो होतो. दोनच दिवसांत त्याच सहवेदनेची पट्टी पिवळ्या कार्डाखाली गेली. 2025 च्या मे महिन्यात ट्रम्प यांच्या आखाती दौऱ्यात रमलात आणि पॅराग्वेत स्वतःच्याच अधिवेशनाला इतका उशीर केलात की युरोपचे प्रतिनिधी उठून गेले. आणि 5 डिसेंबर 2025 ला वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये विश्वचषकाचे गट पाडायचे होते, तिथे मधेच फिफाचा पहिलावहिला ‘शांतता पुरस्कार’ काढलात आणि ट्रम्प यांना दिलात. सोनेरी हातांनी उचललेली पृथ्वी, वर पदक. ते पदक त्यांनी तुमच्या हाताची वाट न बघता स्वतःच गळ्यात घालून घेतलं. (या दृश्याची टिंगल करायची म्हटलं तरी ते आधीच पूर्ण झालेलं होतं.)

यजमानाने घातलेली माळ विटाळत नाही, हे शास्त्र आम्हाला ठाऊक आहे. दक्षिणा ठरली की मुहूर्तही सापडतो. 2034 चा विश्वचषक सौदी अरेबियाला देताना दुसरा दावेदारच नव्हता. जगभरच्या संघटना आपापल्या कॅमेऱ्यांपुढे बसून टाळ्या वाजवत होत्या आणि तेच मतदान. टाळीही राजकीय असू शकते, असं त्या दिवशी कुणाच्या मनात आलं नाही.

तुम्हाला राजकारणाचं वावडं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. ते विशेष कक्षातून, सूट घालून, तुमच्या खांद्यावर हात ठेवून आलं तर तुम्ही त्याला मैत्री म्हणता. ते घामेजलेल्या दंडावर चार बोटं रुंदीचं कापड होऊन आलं की मात्र तुम्हाला खेळाचं पावित्र्य आठवतं.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या दरपत्रकात पदकांचाही दर छापावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
स्वस्त बाकावरचा एक

ता. क. : कतारच्या अंतिम सामन्यानंतर मेस्सी करंडक घ्यायला आला, तेव्हा कतारच्या अमीरांनी त्याच्या निळ्या-पांढऱ्या जर्सीवर काळा झिरझिरीत बिश्त, म्हणजे अरबी झगा, चढवला. तुम्ही शेजारीच उभे होता. त्याचे किती फ्रँक झाले ते उलट टपाली कळवावे.