डाव्या तर्जनीस खुले पत्र

चि. तर्जनी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. परवा दुसऱ्या शिफ्टला तू आमच्या पॉवर प्रेसमध्ये गेलीस, त्याचं दुःख आहेच. पण जायची वेळ तरी बघायचीस! गेटवरच्या फळ्यावर अपघातमुक्त दिवसांचा आकडा नुकताच तीन अंकी झाला होता. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन, साहेबांच्या हस्ते आमच्या शॉपला ढाल मिळायची. म्हणून वडीलकीच्या नात्याने सुचवलं होतं की तू कारखान्यात गेलीच नाहीस, खोलीवर बाथरूमच्या दारात सापडलीस. तुझ्या धन्याने, त्या खानापूरच्या पोराने, डॉक्टरांपुढे एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?

प्रेसचा गार्ड कुणी काढला, असं आता जो तो विचारतो. गार्ड लावून म्हैसूरच्या हेब्बाळमध्ये टार्गेट कुणी गाठून दाखवावं! शिवाय गार्ड कपाटात अगदी सुरक्षित आहे. त्याला ओरखडासुद्धा नाही.

पोराला कुणीतरी पढवलेलं दिसतं. इस्पितळात गेल्या गेल्या त्याने केसपेपरवर ‘कामावर लागलं’ असं लिहून घेतलं. त्याच्या जोडीदाराने उघड्या डायचा मोबाइलवर फोटो काढला. कँटीनच्या अम्मा माझ्यासमोर येऊन त्याच्या वतीने वर्दी देऊन गेल्या. मी म्हटलं, लेखी आणा. तर म्हणतात, ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, नियमात तोंडी चालते आणि दुसऱ्याने दिली तरी चालते. अपघात वहीत नोंदवा, वर कळवा, आणि नोंदीची नक्कल द्या! इडली देणाऱ्या बाईला नियम कुणी वाचायला दिले, याची मी चौकशी लावली आहे.

‘ठेकेदाराचा माणूस, विम्याचं कार्ड निघायचंय अजून’ हे आमचं हुकमाचं पान. तेही कापलं. कामावर झालेल्या इजेला किती हप्ते भरले ते बघत नाहीत, हक्क पहिल्या दिवसापासून लागतो, आणि ठेकेदाराने वर्गणी बुडवली तर ती मूळ मालकाने भरायची. पगाराच्या सव्वातीन टक्के मालकाचे, पाऊण टक्का कामगाराचा. एवढ्याशा रकमेसाठी माणसं किती चिवट होतात!

आता तुझा भाव. ईएसआय कायद्याच्या परिशिष्टात तू पूर्ण गेलीस तर कमाईची क्षमता 14 टक्के घटते असं लिहिलंय. मधलं बोट 12, करंगळी 7. पोराचा पगार 15,000. बरा होईपर्यंत साधारण 90 टक्के मिळणार, आणि मेडिकल बोर्डाने 14 धरले तर पुढे दरमहा 1,890 च्या आसपास, जन्मभर. माझी हयात या शॉपमध्ये गेली, मला पेन्शन नाही. तू तीन इंचांची, तुला पेन्शन!

तशी या गावात तुझी ऐट पहिल्यापासूनचीच. मतदानाची न पुसणारी शाई मैसूर पेंट्समध्ये बनते, 1962 पासून, आणि लावतात तुलाच. तू नसलीस तर काय, हेही निवडणुकीच्या नियमात लिहून ठेवलंय. डाव्या हाताचं दुसरं कुठलंही बोट. तिथे एकही नसेल तर उजव्या हाताचं. दोन्हीकडे काहीच नसेल तर हाताचं जे टोक उरलं असेल त्याला शाई. सरकारची दूरदृष्टी बघ, तुझ्यावाचून लोकशाही अडत नाही. आमची प्रेसही अडली नाही. डाय पुसली आणि तासाभरात दुसरा पोरगा बसवला.

अजून वेळ गेलेली नाही. पाच हजार रोख मी पाकिटात घालून ठेवलेत. पोराने सही करावी असा माझा आग्रह नाही, सही करताना लोक आधी मजकूर वाचतात. कोऱ्या कागदावर नुसता डावा अंगठा उठवला की झालं. तू जन्मापासून त्याच्या शेजारी राहिलीस, तुझा शब्द तो मोडणार नाही. फक्त त्याच परिशिष्टात त्याचा भाव 30 लावलाय, हे त्याच्यापाशी बोलू नकोस.

कळावे, लोभ असावा.

तुझा हितचिंतक,
शिफ्ट सुपरवायझर