कंदीलकाकू

काकूंच्या कादंबऱ्यांतली नायिका तेरा वर्षांची असते. आजवर पाच कादंबऱ्या छापून झाल्या, पण एकीलाही चौदावं लागलेलं मी पाहिलेलं नाही, कारण तोवर ती शिकून मोकळी झालेली असते. डोळे पाणीदार, केस गुडघ्यापर्यंत. माजघरात सगळे निजले की ती कंदील पुढे ओढते आणि वाचायला लागते. काय वाचते ते मात्र कळत नाही. पुस्तकाचं नाव आपल्याला दिसायच्या आत सासू उठते, पुस्तक हिसकावते आणि चुलीत घालते.

पाच कादंबऱ्यांत मिळून अकरा पुस्तकं चुलीत गेली. ही मोजदाद माझी, कारण मुद्रितं मी तपासतो. रात्री बारानंतर चूल पेटलेली कशी, असं मी एकदा विचारलं. ‘‘राखेखाली निखारे असतात रे,’’ काकू म्हणाल्या. बँकेच्या काउंटरवर बत्तीस वर्षं काढलेली बाई. उत्तर तयारच असतं.

मोठा खटका उडाला तो कंदिलावरून. तिसरी कादंबरी १८४८ च्या पुण्यात घडते. भिडे वाड्यात फुल्यांची शाळा नुकती सुरू झालेली, आणि काकूंची पोरगी रॉकेलच्या कंदिलाशी बाराखडी गिरवतेय. मी म्हटलं, ‘‘काकू, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात तेलाची विहीर लागली ती १८५९ साली. रॉकेलचा व्यापार त्यानंतरचा. ही बिचारी करंजेलाच्या पणतीवरच भागवणार.’’

‘‘करंजेलाची पणती मुखपृष्ठावर कशी दिसेल ठाऊक आहे का तुला?’’

मुखपृष्ठ आधीच छापून आलं होतं. कंदील राहिला. तेव्हापासून आमच्याकडे त्यांचं नाव कंदीलकाकू पडलं. ते त्यांना माहीत आहे आणि फारसं नापसंतही नाही. (त्याच पेनसिल्व्हेनियातून १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या, म्हणजे तेल आणि विद्या एकाच गावची, हे मी त्यांना सहज बोलून गेलो होतो. पुढच्या दोन व्याख्यानांत ते त्यांना स्वतःलाच सुचलेलं होतं.)

आनंदीबाईंवर मात्र त्या लिहीत नाहीत. ‘‘तिथे श्री. ज. जोशी बसलेत,’’ असं म्हणतात, एसटीत रुमाल टाकून अडवलेल्या जागेबद्दल बोलावं तसं. ‘आनंदी गोपाळ’ १९६८ ची, त्यावर २०१९ साली सिनेमा आला. रमाबाई रानड्यांवर मालिका होऊन गेली, रखमाबाईंवर चित्रपट निघाला. ‘‘मोठ्या बायका सगळ्या गेल्या रे,’’ काकू उसासा टाकतात. गेल्या म्हणजे वारल्या नव्हे. रस्त्यालगतचे प्लॉट जातात तशा गेल्या. म्हणून त्यांना नायिका मनानेच उभी करावी लागते. आणि मनाने उभी केलेली मुलगी फार भराभर शिकते.

शेणाबद्दल मी काही बोलत नाही. सावित्रीबाई शाळेत जाताना अंगावर शेणमाती झेलायच्या, बदलायला दुसरं लुगडं बरोबर न्यायच्या; तिथे थट्टा करायची माझी प्राज्ञा नाही. पण काकूंची चौथी नायिका नाशकातल्या आपल्या घराच्या माडीवर बसून शिकते, आणि शेण तिथेही पोहोचतं. माडीवर शेण फेकायचं तर फेकणाऱ्याचा दंड काय असेल, आणि ते गोवऱ्यांना ठेवायचं सोडून रोज एवढं उधळणाऱ्याला त्याच्या घरचे काय म्हणत असतील, याचा मी मनातल्या मनात विचार केला आणि पान उलटलं.

माझी खरी तक्रार वेगळीच होती, आणि ती सांगायला मला पाचवी कादंबरी यावी लागली. काकूंची नायिका बंड करते, रडते, उपाशी राहते, विहिरीच्या काठावर जाऊन परत येते. पण अभ्यास करताना ती कुणालाच दिसत नाही. पान चाळीसवर तिला ‘क’ येत नाही आणि पान त्रेचाळीसवर ती शास्त्रीबुवांना वादात गप्प करते. मी म्हटलं, ‘‘मधली दोन पानं गळालीत का?’’

‘‘बुद्धिमान आहे ती.’’

‘‘काकू, रमाबाई रानडे बुद्धिमान नव्हत्या का? १८७३ साली लग्न होऊन आल्या तेव्हा अक्षर येत नव्हतं. रोज रात्री न्यायमूर्ती शिकवायचे आणि दिवसा घरातल्या बायका त्याचं उट्टं काढायच्या. मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला तेव्हा ती चौदा वर्षांची होती, पण त्याआधी फुल्यांच्या शाळेत बसून तिने धडे गिरवले होते. आनंदीबाईंनी फिलाडेल्फियात तीन वर्षं घोकलं. तुमच्या पोरीला पावकी येते का? निमकी, पाऊणकी, दीडकी? औटकीला तर त्या काळची मुलं रडायची.’’

‘‘वाचकाला औटकी नको असते,’’ काकू म्हणाल्या. ‘‘वाचकाला सासू हवी असते.’’

यात तथ्य होतं. गप्प बसलो.

मग सहाव्या कादंबरीचं लिखाण निम्म्यावर आलेलं असताना एका व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं झाली. मागच्या रांगेतले एक टोपीवाले आजोबा उठले आणि म्हणाले, ‘‘बाई, तुमची नायिका नवऱ्याला पत्र लिहिते. त्या काळी पत्रापित्राला मोडी चाले. तिला मोडी येत होती का?’’

‘‘येत होती ना,’’ काकू म्हणाल्या.

‘‘आणि तुम्हाला?’’

घरी येईपर्यंत रिक्षात त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या शनिवारी मोडीच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं. वय वर्षं अडुसष्ट. शिकवणारा मुलगा चोविशीतला, पण वह्या तपासताना त्याला दयामाया नव्हती.

मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, तीही शक्यतो हात न उचलता. काकूंची रेघ मधेच पोटात गेल्यासारखी खचायची. ह्रस्वदीर्घाची कटकट नाही म्हणून त्या पहिले दोन दिवस खुशीत होत्या. पण दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नाहीत हे कळलं आणि घोटाळा झाला. जुन्या पत्रातलं ‘बाई लवकर या’ त्यांनी ‘बाईल वकर या’ असं लावलं आणि ‘वकर’ शोधत अख्खी दुपार मोल्सवर्थच्या कोशात घालवली. तपासलेली वही आली ती लाल रेघांनी माखून. त्या दिवसापासून काकू वही उशीखाली ठेवू लागल्या.

वही लपवायची ती सुनेपासून. वहिनीचं त्यांच्यावर कसलंच दडपण नाही. उलट ‘‘आई, आधी जेवून घ्या हो, मग बसा,’’ एवढंच तिचं म्हणणं. पण चुका झालेली वही सुनेला दिसणं काकूंना सहन होईना. सगळे झोपले की त्या पांघरुणात मोबाइलचा टॉर्च लावून बसायच्या. एका रात्री साडेअकराला मला फोन आला. आवाज दबका.

‘‘अरे, ‘थ’ कसा काढतात तुला येतं का?’’

‘‘नाही काकू.’’

‘‘मग ठेव.’’

पुढचं मला वहिनीकडून कळलं. वर्ग स्वयंपाकघराच्या टेबलावर चालायचा आणि त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ती भाजी निवडत असायची. महिन्याभरात मेथीच्या जुड्या किती झाल्या कोण जाणे, पण मोडी तिला येऊ लागली होती. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री पाणी प्यायला उठली, पांघरुणातला उजेड पाहिला, वाकून वही बघितली आणि म्हणाली, ‘‘आई, तो ‘थ’ नाही झाला. सरका जरा.’’

काकूंनी तिला काय उत्तर दिलं ते दोघींपैकी कुणीच सांगत नाही.

सहाव्या कादंबरीची मुद्रितं गेल्या आठवड्यात माझ्याकडे आली. प्रकाशक हवालदिल आहे. चौऱ्याऐंशी पानं झाली तरी नायिका निमकीवरच अडकलेली आहे, दिवा करंजेलाचा आहे आणि तो धुरकटतो, त्यामुळे पाटीवरचं निम्मं दिसत नाही. एकही पुस्तक अजून चुलीत गेलेलं नाही. मी फोन करून विचारलं, ‘‘काकू, सासू कुठाय?’’

‘‘पान एकोणऐंशी नीट वाच,’’ काकू म्हणाल्या. ‘‘भिंतीपलीकडे जात्यावर बसलीय. हिचं चुकलं की दळता दळता तीच सांगते. ऐकून ऐकून औटकीपर्यंत पाठ झालंय तिचं.’’